पहिली गोधडी व वडील मंडळींचा उपदेश

ज्यास एखाद्या गोष्टींतलें थोडेंबहुत कळतें, त्यास ती गोष्ट दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार आपोआप प्राप्त झाला, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु विद्या अंगीं असणें निराळें आणि ती दुसऱ्याचें मन न दुखवितां त्याच्या हातीं देणें निराळें. या दोहोंतील अंतर घरांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें शाळेंतही दिसत नाहीं. कारण शिक्षकाचा तास घंटेबरोबर संपतो, पण घरांतील वडील मंडळींचा तास कधींच संपत नाहीं. या मोठ्या विषयाचा एक लहानसा कोपरा आज आम्ही वाचकांपुढें उलगडून ठेवणार आहों. घरांतील एखादी मुलगी, सून अथवा मुलगा आयुष्यांत प्रथमच गोधडी शिवावयास बसला असतां त्यास सल्ला कोणता द्यावा, केव्हां द्यावा आणि केव्हां मुळींच देऊं नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

विषय क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. त्यानें एकदां गोधडीचा हिशेब करून पाहावा. नऊ वारी सुती लुगड्याची चौघडी घातली असतां सव्वादोन वार लांबीचे चार थर होतात. त्यांच्यामध्यें जुनीं धोतरें, पातळें व सदरे यांचे तुकडे पसरावयाचे, वर रंगीबेरंगी ठिगळें मांडावयाचीं, आणि हें सारें धांवदोऱ्यानें एकजीव करावयाचें. आतां ८१ इंच लांब व ४५ इंच रुंद अशी एक गोधडी घ्या. एकेक इंचाच्या अंतरानें लांबीच्या ओळी घातल्या तर त्या सुमारें ४५ होतात. त्यांची एकंदर लांबी ३,६४५ इंच भरते. आणि दर इंचास दोनच टांके धरले तरी ७,२९० टांके पडतात. इतक्या वेळां जी सुई कापडांत जाते व बाहेर येते, ती केवळ कापडच शिवीत नाहीं. आजीचें लुगडें, आजोबांचें धोतर, थोरल्या भावाचा फाटका सदरा, हीं सारीं ज्या एका वस्तूंत शेजारीं शेजारीं येऊन बसतात, ती वस्तु क्षुल्लक म्हणवत नाहीं.

शिवाय काळ बदलला आहे, व या बदलाकडे वडील मंडळींचें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. पूर्वीं गोधडी ही गरजेची वस्तु होती. पौष महिन्याची थंडी पडली म्हणजे घरांत जितकीं माणसें तितकीं पांघरुणें हवीं, आणि तीं विकत आणण्यास पैसा नाहीं. अशा घरांत मुलीचा टांका वांकडा पडला तर आई रागें भरे, आत्या टोमणा मारी, आजी हातांतील काम हिसकावून घेई. तरी मुलीस सुई टाकून उठतां येत नसे. तिच्या पाठीमागें गरज उभी होती. वडिलांचा रागही तिला सोसावा लागे, आणि तो सोशीत सोशीत तिचा हात बसे. यावरून वडील मंडळींनीं असा सिद्धान्त काढिला कीं, रागावल्यामुळेंच मुली शिकल्या. वास्तविक त्या शिकल्या गरजेमुळें. रागाचें ओझें त्यांनीं वरून वाहिलें, इतकेंच.

आज सोलापुरी चादर बाजारांत सहज मिळते, आणि गिरणींतील मऊ लोंकरी किंवा कृत्रिम धाग्यांचीं ब्लँकेटें खेड्यापाड्यांच्या आठवड्याच्या बाजारांतही दिसतात. गोधडीवांचून कोणी कुडकुडत नाहीं. मग आज जी मुलगी आजीच्या पेटींतलें जुनें लुगडें काढून शिवावयास बसते, ती केवळ आवडीनें बसते. जिच्या मागें गरज नाहीं, ती सुई एका कठोर शब्दानें खालीं ठेविली जाते, आणि ती पुन्हां उचलण्याचें कोणतेंही कारण उरत नाहीं. ही विद्या पुस्तकांतून चालत आलेली नाहीं. एका हातानें दुसऱ्या हातास दिली म्हणूनच ती आजपर्यंत टिकली. घरांतील एक नवशिका हात उठून गेला तर त्या घराण्यापुरती ती तेथेंच थांबण्याचा संभव आहे. म्हणून आम्ही म्हणतों कीं, आज घरांतील वडील मंडळींची जीभ ही सुईइतकीच जपून वापरण्याची वस्तु झाली आहे.

यावर कोणी आपल्या जुन्या म्हणीचा आधार घेईल: टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं. म्हण खरी आहे. पण ती पाथरवटाची आहे. दगडांतून जें नको तें टाकी तोडून काढिते, म्हणून तिला घाव घालावाच लागतो. गोधडीचें काम टाकीनें होत नाहीं, टांक्यानें होतें. आणि टांक्याचा धर्म तोडण्याचा नसून जोडण्याचा आहे. ज्या कामांत सुटे सुटे तुकडे एकत्र आणावयाचे, तें शिकवितांना शिकणाऱ्यासच आपल्यापासून तोडावें, ही विसंगति सुज्ञांस सांगावयास नको.

तर मग चूक दिसली असतां गप्प बसावें काय? मुळींच नाहीं. गप्प बसणें हाही कित्येकदां आळसाचाच प्रकार असतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नवशिक्यांच्या चुका दोन प्रकारच्या असतात, व त्या ओळखल्यावांचून तोंड उघडूं नये. ज्या चुकीमुळें गोधडी टिकणार नाहीं अथवा पांघरणारास इजा होईल, ती पहिल्या प्रकारची. जी केवळ आपल्या संवयीहून किंवा आवडीहून निराळी दिसते, ती दुसऱ्या प्रकारची. तिला चूक म्हणणेंही पुष्कळ वेळां अन्यायाचें होतें.

पहिल्या प्रकारचीं उदाहरणें पाहा. कोरें सुती कापड न धुतां जुन्या कापडाशीं जोडलें तर पहिल्याच धुण्यांत तें आटतें आणि भोंवतालच्या कापडास चुण्या पडतात. गडद तांबडें किंवा निळें कापड आधीं भिजवून पाहिलें नाहीं तर त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या ठिगळांवर उतरतो. नायलॉन वा पॉलिएस्टरचें गुळगुळीत पातळ सुती थरांमध्यें घातलें तर तें सरकतें, व घामही टिपीत नाहीं. अगदीं विरलेलें कापड वरच्या बाजूस घेतलें तर तें टांक्याच्या भोंकापासूनच फाटूं लागतें. त्याची जागा मधल्या थरांत. सारे थर जमिनीवर ताणून पसरले नाहींत आणि मोठमोठ्या कच्च्या टांक्यांनीं आधीं अडकवून घेतले नाहींत, तर आंतल्या सुरकुत्या तशाच शिवल्या जातात. दोऱ्याचें टोंक नीट बंद केलें नाहीं तर सारी ओळ उसवते. टांके फार लांब पडले तर लहान मुलाच्या पायाचीं बोटें त्यांत अडकतात. आणि टांचणी अथवा मोडलेल्या सुईचा तुकडा आंत राहिला असल्याचा नुसता संशय आला तरी मानअपमानाचा विचार न करितां त्याच क्षणीं सांगितलें पाहिजे.

आतां दुसरा प्रकार. ओळी सरळ न जातां किंचित् नागमोडी गेल्या. जांभळ्याशेजारीं पोपटी रंग आला. ठिगळें समान मापाचीं नाहींत. मुलगी बोटांत अंगुस्तान घालीत नाहीं. दोरा आजीसारखा ओढीत नाहीं. यांतील एकाही गोष्टीनें थंडी आंत शिरत नाहीं. तरी आमचा अनुभव असा कीं, घरांतील दहा उपदेशांपैकीं आठ याच गोष्टींविषयीं असतात. कारण उघड आहे. पहिल्या प्रकारची चूक ओळखण्यास ज्ञान लागतें. दुसऱ्या प्रकारची ओळखण्यास केवळ डोळे पुरतात.

कित्येकदां तर चूक म्हणून जी दिसते ती दुसरी तितकीच शास्त्रशुद्ध रीत असते. हल्लीं मुली भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परदेशच्या बायकांचें शिवणकाम पाहून शिकतात. तेथें दोन कापडांच्या मध्यें कापसाचा किंवा तत्सम फुगीर थर असतो, म्हणून मधोमध आरंभ करून कडेकडे जाण्याची शिफारस करितात. म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते. आमच्या घरांत पुष्कळ आज्या कांठापासून आरंभ करून चौकोनी फेऱ्या घालीत मध्याकडे जातात. कर्नाटकांत उत्तर कानडा जिल्ह्यांत राहणारे आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक आहेत. त्यांच्या बोलींत कोंकणी व मराठीचे पुष्कळ शब्द आढळतात. त्यांच्या स्त्रियाही आपल्या गोधड्या एका कोपऱ्यापासून, कांठ आंत दुमडीत, फेरे घेत मध्यापर्यंत शिवीत नेतात, आणि चारी कोपऱ्यांस कापडाच्या घड्यांचीं फुलें लावितात. जुनें कापड सपाट असतें, कांठ जाग्यावर दुमडला जातो, म्हणून ही रीत त्या कामास योग्य. नातीनें मधून आरंभ केला आणि आजीनें कांठापासून, तर दोघींचेंही बरोबर आहे. अशा वेळीं "आमच्या वेळेस असें नव्हतें" हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं "तूं मधून कां आरंभ केलास?" एवढें विचारलें तर आजीसही कांहीं नवें कळेल.

आणखी एक दूरदेशचें उदाहरण देतों. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत त्याच नांवाच्या नदीच्या वळणावर जीज बेंड म्हणून एक वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, ज्यांचे पूर्वज त्याच भूमीवर गुलाम होते, शेतांत घालावयाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान् पिढ्या शिवीत आल्या. त्यांच्या ओळी पट्टीनें आंखल्याप्रमाणें सरळ नाहींत, चौकोन एकसारखे नाहींत. त्याच गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयांत व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत भिंतींवर मांडण्यांत आल्या, आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपाल खात्यानें त्यांच्या चित्रांचीं तिकिटें काढिलीं. त्या वस्तींतील मिसूरी पेटवे या बाईनें १९४२ सालीं, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखालीं निजावें, एवढाच तिचा हेतु. तिच्या मुलीनें त्या कामांत तिला हातभार लाविला. त्या घटकेस कोणी शेजारीण येऊन "हा कांठ सरळ नाहीं" असें म्हणाली असती, तर तिचें म्हणणें खरें असूनही किती अप्रस्तुत झालें असतें! आपल्या घरीं जी मुलगी वारलेल्या आजीचें पातळ पुढें घेऊन बसली आहे, ती कोणत्या हेतूनें बसली आहे, हें आधीं जाणावें. मग टांक्याकडे पाहावें.

सल्ला देण्याची वेळ कोणती, हा यापुढील प्रश्न. आमच्या मतें गोधडीस तीन वेळा असतात: आरंभापूर्वीची, मधली व शेवटची. ज्या चुका खरोखर नडतात त्यांपैकीं बहुतेक कापड निवडण्यांत, धुण्यांत व थर पसरण्यांत होतात. म्हणून उपदेशाचा खरा काळ आरंभापूर्वीचा. त्या वेळीं कांहींच शिवलेलें नसतें, म्हणून कांहींच उसवावें लागत नाहीं. शिवाय हें काम चार हातांचें आहे. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, जें सांपडेल तें वजन ठेवून कापड ताणतांना आजी आणि नात समोरासमोर बसतात. तेव्हां जें सांगावयाचें तें हातानेंच सांगून होतें, त्यास उपदेशाचें रूपही येत नाहीं.

मधल्या काळांत विचारल्यावांचून बोलूं नये. पहिल्या प्रकारची चूक दिसली तर मात्र एका वेळीं एकच गोष्ट सांगावी. येथें आमच्या वरील हिशेबाचा उपयोग होतो. सव्वासात हजार टांक्यांत पहिले तीनशें वेडेवांकडे पडले म्हणून काय बिघडलें? उरलेले सात हजार टांके हे स्वतःच शिक्षक आहेत. शेवटच्या ओळी पहिल्या ओळींशेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे शिवणारीस आपली प्रगति आपल्याच डोळ्यांनीं दिसते, आणि हा धडा कोणाच्याही शब्दापेक्षां पक्का बसतो. पहिल्याच ओळीस जिला सात वेळां उसवावयास लाविलें, तिला शेवटची ओळ कधींच दिसत नाहीं.

गोधडी पुरी झाल्यावर दोष सांगणें तर सर्वस्वीं निष्फळ. तेव्हां ती अंगावर घ्यावी. घरच्या माणसांनीं पहिली गोधडी पांघरून एक रात्र निजणें, यापरतें दुसरें प्रशस्तिपत्र नाहीं. पुढील गोधडीच्या वेळीं काय सुधारावें, हें नवशिका मनुष्य बहुधा स्वतःच विचारावयास येतो. तेव्हां त्यास मोकळेपणानें सांगावें.

रीतीविषयींही दोन शब्द. दोष कामाचा सांगावा, माणसाचा सांगूं नये. "या कडेचा दोरा सैल वाटतो, धुतांना निघूं नये म्हणून येथें दोन उलटे टांके घाल," हा सल्ला झाला. "तुझें हें नेहमींचेंच, कशांत लक्ष म्हणून नाहीं," हा सल्ला नव्हे. एक टांका सैल पाहून मुलीच्या साऱ्या स्वभावाचें, आणि ती सून असल्यास तिच्या माहेराचेंही, निदान करणें याला सुतावरून स्वर्गास जाणें म्हणतात. पाहुण्यांसमोर काम उलगडून दाखवितांना हंसत हंसत दोष काढणें हें तर विशेष वाईट. हंसणाऱ्याच्या तें संध्याकाळपर्यंत लक्षांतही राहात नाहीं, पण जिला हंसले तिला तें वर्षानुवर्षें आठवतें.

नात्याचाही विचार करावा. एकच वाक्य आई बोलली तर मुलगी फणकारते आणि विसरून जाते. सासूबाई बोलल्या तर सून "बरें" म्हणते आणि विसरत नाहीं. म्हणून जिचा अधिकार मोठा, तिनें शब्द थोडे वापरावे. नवशिका मनुष्य स्वभावतः नरम असतो, आणि आपल्याला येत नाहीं हें त्यास ठाऊक असतें. मऊ लागलें म्हणून कोपरानें खणूं नये. मुलगा सुई घेऊन बसला असेल तर त्याची थट्टा करण्यापूर्वीं गांवचा शिंपी बहुधा पुरुषच असे, एवढें लक्षांत आणावें.

परंतु या सर्वांहून मोठा एक अपराध आहे, आणि तो न बोलतां घडतो. मुलगी शाळेंत गेली असतां तिच्या मागें तिचे टांके उसवून आपल्या हातानें सुबक घालून ठेवणें हा तो अपराध होय. करणारीचा हेतु चांगला असतो. तिला वाटतें, पोरीचें काम हलकें केलें. पण संध्याकाळीं मुलगी येऊन पाहते तों आपलें काम नाहींसें झालें आहे. न विचारतां दिलेली ही मदत तिला एवढेंच सांगते कीं, तुझ्या हातचें आम्हांस नको. तिच्या वेड्यावांकड्या ओळींच्या जागीं सरळ ओळी आल्या, परंतु ती गोधडी आतां तिची राहिली नाहीं.

याच्या उलट टोंकाचा दोष म्हणजे खोटी स्तुति. "वा, फारच सुंदर!" असें न पाहतांच म्हणणाऱ्यांचीही घरांत वाण नसते. नवशिक्यास आपलें काम कसें झालें आहे याची अंधुक जाणीव असतेच. म्हणून असली स्तुति ऐकून तो मनांत समजतो कीं, यांनीं पाहिलेंच नाहीं. स्तुति करावयाची तर बोट ठेवून करावी: "हा कोपरा छान दुमडला आहेस," "कालच्यापेक्षां आजची ओळ एकसारखी आहे." बोट ठेवून केलेली स्तुति आणि बोट ठेवून सांगितलेला दोष हीं दोन्ही सारखींच हिताचीं, कारण दोहोंच्या मागें कोणी तरी लक्ष देऊन पाहिलेलें असतें.

शिकणाऱ्यासही थोडें सांगितलें पाहिजे, कारण या अंकाचे वाचक बहुतेक शिकणारेच आहेत. वडिलांच्या शब्दांतील राग गाळून त्यांतील ज्ञान ठेवून घेण्यास शिकावें. ज्या आजीनें आयुष्यभर गोधड्या शिवल्या, तिला गोड बोलतां येत नसेल, पण कोणतें कापड दहा वर्षें टिकेल हें तिला चिमटींत धरतांच समजतें. ही परीक्षा पडद्यावर पाहून येत नाहीं. तेव्हां तिनें उपदेश आरंभण्याची वाट न पाहतां आपणच जाऊन विचारावें. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देतांना अतिशय तापट मनुष्यही बहुधा सौम्य होतो.

विद्यार्थी मित्रहो, आज तुम्ही घरांत लहान आहां. उद्यां तुमच्याच धाकट्या बहिणीच्या किंवा भाच्याच्या हातीं सुई येईल, आणि तिचा पहिला टांका वांकडा पडेल. तो पाहतांच तुमच्या जिभेवर एक शब्द येईल. त्या वेळीं एवढाच विचार करा कीं, या टांक्यानें गोधडी उसवणार आहे काय? उसवणार असेल, तर शेजारीं बसा, एक टांका घालून दाखवा आणि सुई परत तिच्या हातीं द्या. उसवणार नसेल, तर तिला दोरा ओंवून द्या आणि पुढची ओळ घालूं द्या.